चार्जिंग, जिनिंग आणि पेरणी

इंग्रजीत क्रियेचे नाम करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली सोपी : क्रियापदाला ‘इंग’ लावायचे आणि मोकळे व्हायचे. रिपेअरचे रिपेअरिंग, डिसाइडचे डिसायडिंग. याला जेरंड म्हणतात. मराठी व्याकरणात त्याच्या सर्वांत जवळचे ते धातुसाधित नाम. दुसरी वाट म्हणजे त्या क्रियेसाठी भाषेत आधीच तयार असलेले नाम उचलायचे : डिसिजन, अरायव्हल, पेमेंट. दोन्ही शब्द नामाच्याच जागी बसतात, दोन्हींचा अर्थ कोशात जवळपास एकच असतो, आणि तरी एकाच्या जागी दुसरा घातला की वाक्य लंगडते. कुठे कोणता घ्यायचा, हे इंग्रज माणूस कानाने ठरवतो. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा विद्यार्थी ते ‘डू ॲज डायरेक्टेड’ या प्रश्नाखाली, पर्यवेक्षकाने शेवटची दहा मिनिटे उरल्याचे सांगितल्यावर ठरवतो.

या दोन वाटा पडल्या त्याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या काळी, ‘इंग’ किंवा ‘उंग’ लागलेला शब्द निव्वळ नाम होता. त्याला विभक्ती लागे, त्याला लिंग असे, आणि ते लिंग स्त्रीलिंग असे. ‘करीत असलेला’ या अर्थाच्या विशेषणाला ‘एंडे’ असा वेगळाच प्रत्यय होता. पुढे मध्ययुगात उच्चार झिजत गेले, ‘एंडे’ जाऊन त्याच्या जागी ‘इंग’च आले आणि एकाच वेशात दोन माणसे वावरू लागली. नामाला त्या संगतीत क्रियापदाच्या सवयी लागल्या. ते थेट कर्म घेऊ लागले, क्रियाविशेषण बाळगू लागले. अर्धे नाम, अर्धे क्रियापद असा जो प्राणी तयार झाला तोच आजचा जेरंड. दरम्यान १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले होते. त्यांच्या फ्रेंचमधून ‘मेंट’, ‘एज’, ‘अल’ अशा शेपटांची नामे कचेरीच्या दाराने आत आली. त्यामुळे घरचे ‘इंग’ आणि दरबारी नाम अशी जोडी इंग्रजीच्या गळ्यात कायमची पडली.

पाथरीला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक ज्या घराण्यातला, त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे, आणि पाथरीच्या ताब्यावरून निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढायाही झाल्या. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे होता आणि कागद उर्दूत चालत. तेव्हा घरच्या ‘घेणे’ला दरबारी ‘खरेदी’ भेटली, ‘मोजणे’ला ‘पैमाईश’ भेटली, आणि ‘विचारणे’शेजारी कचेरीतली ‘चौकशी’ होतीच. ‘विचारणे’ आणि ‘चौकशी’ यांतला फरक ज्याची एकदा चौकशी लागली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

खरे तर हा फरक पाथरीच्या शिवारात कुणालाच समजावून सांगावा लागत नाही, आणि इंग्रजीच्या तासाला नेमके हेच कुणी सांगत नाही. मृगात बरा पाऊस झाला आणि रस्त्याने जाणाऱ्याने विचारले, तर उत्तर येते : ‘सोयाबीन पेरायलेत.’ ही चालू क्रिया. मराठवाड्याने तिच्यासाठी ‘पेरायलेत, जेवायलोय, जायलीस’ असे वेगळे रूपच राखून ठेवले आहे. तिफणीवर हात ठेवून जे करायचे ते ‘पेरणे’. ते चांगले जमते किंवा जमत नाही. सगळा हंगाम, बियाण्याचा खर्च, खताची रांग आणि आकाशाकडे बघणे धरून जे होते ती ‘पेरणी’. आणि सातबारावर तलाठ्याच्या लेखी जे उरते तो ‘पीकपेरा’. या चारांतल्या पहिल्या तिघांना इंग्रजी एकच शब्द देते : सोइंग. मग तो शब्द कोणत्या वाक्यात कोणती भूमिका करतो हे ओळखण्यासाठी व्याकरणाची जाड पुस्तके लिहावी लागतात. पाथरीच्या शेतकऱ्याला तेवढी जाड पुस्तके लागत नाहीत, कारण त्याच्याकडे शब्दच वेगवेगळे आहेत.

‘पेरणी’ हे पक्के नाम आहे याचा पुरावा अनेकवचनात सापडतो. जूनच्या अखेरीस वर्तमानपत्रात ‘पेरण्या खोळंबल्या’ असा मथळा येतो. ‘पेरणे खोळंबली’ असा मथळा अजून कोणत्याही उपसंपादकाने दिलेला नाही. पाऊस रुसला तर ‘दुबार पेरणी’ येते. ‘दुबार पेरणे’ला कुणी अनुदान मागत नाही. कापसाचीही पहिली वेचणी, दुसरी वेचणी असते. पहिले वेचणे, दुसरे वेचणे नसते. इंग्रजीतही हेच : नामाला अनेकवचन आणि क्रमांक पेलतो, जेरंडाला पेलत नाही. डिसिजन्स होतात, पण डिसायडिंगची अनेक डिसायडिंगे होत नाहीत.

अशा जोड्या मराठीत इतक्या आहेत की त्यांवर एक वेगळे अंदाजपत्रक मांडता येईल. ‘मोजणे’ फुकट आहे, पावलांनीही होते. ‘मोजणी’ला भूमी अभिलेख कार्यालयात फी भरावी लागते आणि शेजाऱ्याला नोटीस जाते. ‘बोलणे’ दिवसभर चालते. ‘बोलणी’ लग्नाची असतात आणि ती फिसकटू शकतात. ‘मागणे’ देवाकडे, ‘मागणी’ शासनाकडे. ‘पाहणे’ आणि ‘पाहणी’ तर अतिवृष्टीच्या वर्षी हमखास समोरासमोर येतात : वाहून गेलेले शेत मालक रोज पाहतो, त्याने काही होत नाही; अधिकारी येऊन पाहणी करतो, मग पंचनामा होतो. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याला स्वतःच्याच पिकाची पाहणी मोबाइलवर करण्याचा अधिकार मिळाला. तोवर तो पीक नुसते पाहत होता.

आता इंग्रजीकडे. निवडीचा पहिला नियम कर्मावर ठरतो. जेरंड कर्माला थेट हाताशी धरतो, नाम मध्ये ‘ऑफ’ घालते. ‘रिपेअरिंग द रोड’, पण ‘द रिपेअर ऑफ द रोड’. जेरंडाबरोबर ‘क्विकली’ जाते, नामाबरोबर ‘क्विक’. नोम चॉम्स्की यांनी १९७० मध्ये नामीकरणावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात या दोन जातींचे वागणे किती वेगळे आहे हे बारकाईने दाखवले आहे. मराठीत तो निबंध षष्ठीच्या एका प्रत्ययात मावतो : ‘कापूस वेचणे’, पण ‘कापसाची वेचणी’, ‘रस्ता दुरुस्त करणे’, पण ‘रस्त्याची दुरुस्ती’. जिथे मराठीत ‘चा, ची, चे’ येते तिथे इंग्रजीत नाम आणि ‘ऑफ’ घ्यावा; जिथे कर्म कोरडे उभे राहते तिथे जेरंड घ्यावा. ही खूण शंभर टक्के चालत नाही, पण व्याकरणातली कोणती खूण चालते? परीक्षेपुरती ती पुरून उरते.

दोघांच्या मधली एक तऱ्हाही आहे, ‘द बिल्डिंग ऑफ द ब्रिज’. मागे ‘द’, पुढे ‘ऑफ’, अंगावर ‘इंग’. हे नामच आहे, आल्फ्रेडच्या काळचे, वेश न बदललेले. विद्यार्थी नेहमी मागचा ‘द’ ठेवतो आणि पुढचा ‘ऑफ’ गाळतो, किंवा ‘द’ गाळून ‘ऑफ’ ठेवतो. यायचे तर दोघांनी मिळून यावे आणि जायचे तर दोघांनी मिळून जावे, एवढेच तिथे लक्षात ठेवायचे.

अर्थाचा फरक यापेक्षा सूक्ष्म आहे. नामात क्रिया पुरी झालेली, बाहेरून पाहिलेली असते; जेरंडात ती चाललेली असते. तालुक्याच्या गावाला हा फरक उपजत कळतो. ‘रस्त्याला मंजुरी आली’ म्हटले की पेढे वाटतात, फलक लागतो. ‘मंजूर करणे चालू आहे’ म्हटले की पुढच्या आठवड्यात पुन्हा चक्कर मारायची तयारी करतात.

कर्त्याचा प्रश्न मात्र इंग्रजांनाही सुटलेला नाही. ‘हिज गोइंग’ म्हणायचे की ‘हिम गोइंग’? हेन्री फाउलर आणि त्याचा भाऊ यांनी १९०६ मध्येच दुसऱ्या प्रकाराला दोष दिला होता, आणि १९२६ च्या आपल्या सुप्रसिद्ध वापरकोशात हेन्रीने तो पुन्हा तपशिलाने फैलावर घेतला. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन याने जुन्या-नव्या लेखकांची उदाहरणे पुढे करून हा प्रयोग रूढ असल्याचे दाखवले. दोघे विद्वान या एका ‘हिज’वरून छापील भांडले. मराठीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. ‘त्याचं येणं शक्य नाही’ आणि ‘तो येणं शक्य नाही’, दोन्ही चालतात. एवढेच की ‘पाऊस पडणं गरजेचं आहे’ असे शेतकरी म्हणतो आणि ‘पावसाचं पडणं’ असे कवी म्हणतो. फाउलरचा नियम पाळायचा तर सगळ्या तालुक्याला कविता करावी लागेल.

आणखी एक अडचण वेशांतराची. ‘इंग’ दिसले की तो जेरंडच असेल असे नाही. ते विशेषणही असू शकते, जुना ‘एंडे’ आत दडलेला असू शकतो. इथेही मराठीची एक कसोटी हाताशी आहे. शब्द ‘-ण्याचा’ने उलगडला तर जेरंड, ‘-णारा’ने उलगडला तर विशेषण. पाथरीकरांचे रेल्वे स्टेशन म्हणजे मानवत रोड. तिथल्या ‘वेटिंग रूम’मध्ये खोली थांबत नाही, ती थांबण्याची खोली, म्हणून जेरंड. ‘वेटिंग पॅसेंजर’ मात्र थांबणारा, म्हणून विशेषण. गाडी उशिरा असेल तर फारच थांबणारा. नळावरचे ‘ड्रिंकिंग वॉटर’ हे पिण्याचे पाणी, पिणारे नव्हे. ‘वॉकिंग स्टिक’ ही चालण्याची काठी. ती चालणारी निघाली तर व्याकरण सोडून भगताकडे जावे.

मोठ्या व्याकरणकारांनी या वेशांतराची पायरीपायरीने तपासणी केली आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद् इंग्रजी व्याकरणात ‘पेंटिंग’ या एकाच शब्दाची डझनाहून अधिक वाक्ये रांगेने लावली आहेत. पहिल्यात तो भिंतीवर टांगायचे चित्र असतो, निव्वळ नाम. मग हळूहळू त्याचे क्रियापण वाढत जाते आणि शेवटी रंगवत असलेला माणूसच समोर उभा राहतो. कोणत्या पायरीवर नाम संपले आणि क्रियापद सुरू झाले, तिथे ठळक रेघ मारता येत नाही. कल्याण–निर्मल महामार्गावर पाथरीच्या आगेमागे जी गॅरेजे लागतात, त्यांनी हा गुंता एका फळीवर सोडवला आहे : ‘डेंटिंग-पेंटिंग’. यातला ‘पेंटिंग’ क्वर्कच्या रांगेत कुठेतरी बसेल. ‘डेंटिंग’ मात्र इंग्रजीत पोचा पाडणे असा अर्थ देते. पोचा काढण्याची मजुरी घेणाऱ्या कारागिराने पोचा पाडण्याची जाहिरात करावी आणि गिऱ्हाइकाने बिनबोभाट गाडी लावावी, एवढा विश्वास व्याकरणाच्या बाहेरच शक्य आहे.

गॅरेजवर थांबण्याचे कारण असे की पाथरीत ‘इंग’ शाळेतून आलेलेच नाही. ते धंद्यातून आले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. त्याआधी पोरांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडे. पण वेल्डिंग, वायरिंग, फिटिंग, सेंटरिंग हे शब्द कुठल्याही पटावर नाव न घालता केव्हाच गावात राहायला आले होते. ते आले तेव्हा क्रियापद मागेच राहिले. ‘वेल्ड’ पाथरीत कुणी पाहिलेले नाही. ‘वेल्डिंग’ आहे, आणि ते करायचे तर ‘करणे’ लागते. म्हणजे ‘इंग’ची अर्धी क्रियापदाची कमाई मराठीच्या उंबऱ्यावर गळून पडली आणि तो शब्द पुन्हा पहिल्यासारखा निव्वळ नाम झाला. त्याला विभक्ती लागली : वायरिंगचा, फिटिंगला. त्याला अनेकवचन आले : मीटिंगा. आणि लिंग? ती मीटिंग, ती बिल्डिंग, ती वायरिंग, ती फिटिंग. आल्फ्रेड राजाच्या भाषेत या कुळाला जे स्त्रीलिंग होते आणि जे इंग्रजीने मध्ययुगातच घालवले, ते पाथरीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शाबूत आहे. ‘ते स्पेलिंग’ आणि ‘ते ट्रेनिंग’ यांनी या सिद्धान्ताला थोडे गालबोट लावले आहे हे खरे.

नाम होऊन थांबला असता तर ‘इंग’ला कुणी काही म्हटले नसते, पण तो पुढे जाऊन जागा झाला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणे आणि प्रेसिंग म्हणजे रुई दाबून १७० किलोची गाठ बांधणे. या क्रिया झाल्या. पण परभणी जिल्ह्यात ‘कापूस जिनिंगवर नेला’ असे म्हणतात. त्या जिनिंगला फाटक आहे, वजनकाटा आहे, कापसाच्या गाड्यांची रांग आहे. ‘जिनिंगसमोर उभा राहतो, तिथं ये,’ असे सांगता येते. क्रियेसमोर उभे राहण्याची सोय जगातल्या फार थोड्या भाषांत असेल. इंग्रजीनेही हे ‘बिल्डिंग’च्या बाबतीत केले, म्हणून कुणी हसायचे कारण नाही. मराठीतले ‘देणे’ही त्याच रस्त्याने गेले : बँकेचे देणे ही वस्तू कागदावर वर्षानुवर्षे पडून असते, आणि देणे ही क्रिया घडावी म्हणून बँक वाट पाहत असते.

‘पासिंग’ची कथा निराळी. पाथरीत त्याचे दोन अर्थ आहेत. वाहनाचे पासिंग म्हणजे परिवहन कार्यालयातली नोंद. एमएच-२२ दिसले की गाडी ‘परभणी पासिंग’ची. जुनी गाडी घेताना इंजिनाआधी पासिंग विचारतात. दुसरे पासिंग परीक्षेतले, पस्तीस मार्कांचे. ‘पासिंगपुरतं तरी येऊ दे’ ही मार्चमधली प्रार्थना. इंग्रजीत पहिल्याला रजिस्ट्रेशन हे तयार नाम आहे आणि दुसऱ्याला ‘पास’ एवढेच पुरते. दोन्हीकडे नाम उपलब्ध असून ‘इंग’ निवडले गेले. आणि दोन्हीकडे ते इंग्रजीच्या परीक्षेत चुकीचे धरले जाते, अगदी पासिंगपुरतेही मार्क न देता.

पण या सगळ्यांत वरचढ ‘चार्जिंग’. मोबाइल बंद पडला की म्हणतात, ‘चार्जिंग संपली.’ इंग्रजीत चार्जिंग ही क्रिया आहे, ती संपली याचा अर्थ फोन काठोकाठ भरला. पाथरीत चार्जिंग हा पदार्थ आहे. तो भरतो, उतरतो, संपतो. पाथरीचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि आपल्या परप्रांतीय साहेबाला त्याने हेच वाक्य इंग्रजीत कळवले, तर साहेब निश्चिंतपणे फोन लावत बसतील आणि तो लागणार नाही. व्याकरणातल्या चुकीचा दूरसंचारावर होणारा एवढा सरळ परिणाम दुसरीकडे दाखवता येत नाही. इथे इंग्रजीला ‘चार्ज’ हे नाम हवे असते. गंमत अशी की ‘रिचार्ज’ला पाथरीने बिनचूक नाम ठेवले. ‘रिचार्ज मारला’ म्हणतात, ‘रिचार्जिंग’ कुणी म्हणत नाही. ‘बोअर’चेही तसेच. शेजारच्या हिंदीत ‘बोरिंग’ खोदतात. मराठवाड्यात ‘बोअर मारला’. पाणी लागले नाही तर तो कोरडा गेला म्हणतात, आणि त्याच वेळी एखादे व्याख्यानही ‘बोअर’ होते. जिथे ‘इंग’ हवे तिथे ते गाळायचे आणि जिथे नको तिथे लावायचे, यात काही पद्धत शोधू पाहणाऱ्याने आधी जेवून घ्यावे.

कागदावरची निवड यापेक्षा जोखमीची असते, कारण तिथे शिक्का बसतो. शाळा सोडताना मिळणाऱ्या एकाच कागदाला इंग्रजीत दोन नावे चालतात : लीव्हिंग सर्टिफिकेट आणि ट्रान्सफर सर्टिफिकेट. पहिल्यात जेरंड, दुसऱ्यात नाम. पहिल्यात मुलगा शाळा सोडतो, दुसऱ्यात त्याची बदली होते. मराठीने ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणून क्रिया पुरी झाल्याची खातरजमाही केली आहे. बोलण्यात मात्र ‘लीव्हिंग’चे ‘लिव्हिंग’ होते आणि अर्थ जिवंत असल्याचा दाखला असा निघतो. तो खरा नोव्हेंबरात पेन्शनरांना लागतो.

अर्जाची विषयओळ हा धातुसाधित नामाचा हक्काचा मुक्काम. ‘विषय : किरकोळ रजा मिळणेबाबत.’ ‘विषय : सातबाराची नक्कल मिळणेबाबत.’ व्याकरणाने ‘मिळण्याबाबत’ हवे. ‘णे’चे सामान्यरूप ‘ण्या’ होते हे मराठी सहज पाळते, ‘मिळण्यासाठी’ कुणी चुकवत नाही. फक्त अर्जात शिरताना हे रूप ताठ उभे राहते. शासन निर्णयांच्या शीर्षकांत ‘देण्याबाबत’, ‘करण्याबाबत’ असे वाकलेले रूप नित्य दिसते. म्हणजे देणारा वाकतो आणि मागणारा ताठ राहतो, हे कचेरीत इतरत्र कुठे दिसत नाही.

हीच ओळ नव्याने नोकरीला लागलेला माणूस इंग्रजीत नेतो तेव्हा ‘रिगार्डिंग गेटिंग ऑफ लीव्ह’ होते. ‘बाबत’चे एक ‘इंग’, ‘मिळणे’चे दुसरे, आणि ‘द’ नसताना एकटाच आलेला ‘ऑफ’. यातले पहिले ‘इंग’ शब्दयोगी, दुसरे जेरंड, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते ‘लीव्ह’ हे बिचारे साधे नाम शेवटी उभे. इंग्रजीला ते एकटेच पुरते : ‘अप्लिकेशन फॉर लीव्ह’. एका वाक्यात दोन ‘इंग’ लागोपाठ आले की त्यातले एक तरी नामाने बदलता येते का हे पाहावे, आणि बहुधा येते. मराठी अर्जात मात्र ‘रजेचा अर्ज’ एवढेच लिहून भागत नाही. ‘मिळणेबाबत’ लिहावेच लागते, त्याशिवाय तो अर्ज अर्जासारखा दिसत नाही.